पितळ उघडं पडतं तेव्हा...

पितळ दिसलं की घासायचं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. समई, घंगाळ, पानाचा डबा, देवघरातली घंटा... दिवाळी तोंडावर आली की सगळं माळ्यावरून खाली काढायचं, चिंचेचा कोळ नाहीतर लिंबू-मीठ घ्यायचं आणि हात भरून येईपर्यंत चोळायचं. हल्ली त्यासाठी तयार पावडर मिळते, पण तत्त्व तेच. काळं पडलेलं पितळ म्हणजे घरातल्या माणसांचा आळस, असं मानणाऱ्या आज्यांच्या चार पिढ्या आपल्यामागे पदर खोचून उभ्या आहेत.

आणि म्हणूनच जुन्या सॅक्सोफोनच्या बाजारात शिरलं की आपलं डोकं गरगरायला लागतं.

समजा, दोन सॅक्स शेजारी शेजारी ठेवलेत. कंपनी तीच, मॉडेल तेच, सालही तेच. एक सराफाच्या काचेतल्या दागिन्यासारखा लखलखतोय. दुसरा... काय सांगू! कुठे मधासारखा पिवळा, कुठे कडक चहासारखा तपकिरी, कुठे चकाकी पार उडून गेलेली, आणि अंगभर जास्त पिकलेल्या केळ्यासारखे ठिपके. बोला, महाग कुठला?

बरोब्बर. दुसरा. आणि थोडाथोडका नाही, चांगलाच महाग. कारण पहिल्याला नंतर कधीतरी कुणीतरी घासून नवं लॅकर मारलंय. दुसऱ्याच्या अंगावर मात्र फॅक्टरीतून निघताना जे चढवलं होतं, ते पहिलंवहिलं लॅकर अजून शिल्लक आहे. विकणारा फक्त दोन शब्द टाकतो : ‘ओरिजिनल लॅकर’. आणि घेणारे खिशात हात घालतात.

हा विषय माझ्या मागे लागला तो ऑफिसातल्या एका मित्रामुळे. त्याच्या आईचे वडील गोव्याहून मुंबईत आलेले वादक. दिवसा हिंदी सिनेमाचं रेकॉर्डिंग आणि रात्री हॉटेलातला बँड, असं त्या काळातल्या कित्येक गोवेकर वादकांचं आयुष्य होतं, तसंच त्यांचंही. ते गेले आणि मागे राहिला एक ऑल्टो सॅक्स. अमेरिकन, कॉन कंपनीचा. पुढच्या कर्ण्यावर, म्हणजे सॅक्सवाले ज्याला बेल म्हणतात त्यावर, एका बाईचं चित्र कोरलेलं. कित्येक वर्षं तो कपाटावर पडून होता. बहिणीचं लग्न ठरलं आणि रिसेप्शनला आजोबांचा सॅक्स वाजला पाहिजे, असा तिने हट्ट धरला. आईचं म्हणणं, वाजवा, पण आधी मस्त पॉलिश करून आणा. मी जुन्या वाद्यांबद्दल वाचत असते, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत. त्यामुळे लंच टाइममध्ये मित्र मोबाइलवरचे फोटो घेऊन हजर.

‘‘सांग ना, करू का पॉलिश? एक जण म्हणतोय, चार दिवसांत अगदी नव्यासारखा करून देतो.’’

‘नव्यासारखा’ हा शब्द ऐकला की जरा थांबायचं, हा माझा नियम आहे. मग ते फर्निचर असो, जुना वाडा असो नाहीतर सॅक्स. मी म्हणाले, ‘‘आधी तो रंग कशामुळे बदललाय ते बघू. मग ठरव.’’

नेलपॉलिशचा मोठा भाऊ

अडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने १८४६ साली पॅरिसमध्ये सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं. विसाव्या शतकात, १९२० च्या दशकात अमेरिकेला या वाद्याचं अक्षरशः वेड लागलं. त्या वेळचे बरेचसे सॅक्स चांदीचा मुलामा दिलेले असायचे. हौशी आणि पैसेवाल्यांसाठी सोन्याचा मुलामा. आणि स्वस्तात हवा असेल, तर नुसतं पितळ. ते रोज घासा नाहीतर काळं पडू द्या, तुमची मर्जी.

मग १९३० च्या आसपास लॅकर आलं. पितळ घासून चकचकीत करायचं आणि त्यावर पारदर्शक किंवा किंचित सोनेरी झाक असलेला द्रव फवारायचा. तो वाळला की कागदाहूनही पातळ पापुद्रा तयार होतो. हवा पितळेपर्यंत पोचत नाही, पितळ काळं पडत नाही. मुलाम्याचा खर्च नाही, घासायची कटकट नाही. सगळे खूश.

त्या काळातलं नेहमीचं लॅकर म्हणजे नायट्रोसेल्युलोज. नाव भारी आहे, पण ओळख जुनी आहे. कापसातल्या सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली की हे रसायन तयार होतं. तोफांच्या दारूतही तेच, आणि १९२० च्या दशकात अमेरिकन मोटारींवर चढलेल्या ड्यूपाँटच्या ‘ड्यूको’ रंगातही तेच. तुमच्या ड्रेसिंग टेबलवरच्या नेलपॉलिशमध्ये आजही तेच असतं. टेबल टेनिसचे जुने सेल्युलॉइडचे बॉल, जे २०१४ नंतर मोठ्या स्पर्धांमधून हद्दपार झाले, तेही याच खानदानातले. आणि दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ ज्या फिल्मवर चित्रित केला, ती नायट्रेट फिल्मसुद्धा.

या खानदानात एक आनुवंशिक आजार आहे. ते स्वतःच हळूहळू मोडत जातं. जुनी नायट्रेट फिल्म पिवळी पडते, चिकट होते, शेवटी तिची भुकटी होते. ती पेटही पटकन घेते. २००३ साली पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्म्सच्या साठ्याला आग लागली आणि आपल्या सिनेमाचा मोठा ठेवा त्यात गेला. सॅक्सवरचा पापुद्रा इतका नाट्यमय शेवट गाठत नाही. पण तोही त्याच रस्त्याने चाललेला असतो. फक्त पाऊल हळू.

रंग बदलतो म्हणजे नक्की काय होतं?

एकाच वेळी तीन-चार गोष्टी होत असतात, म्हणून तर एकाच सॅक्सवर इतक्या छटा दिसतात.

पहिली गोष्ट, लॅकर स्वतः पिवळं पडतं. उजेडाने आणि उष्णतेने नायट्रोसेल्युलोज तुटायला लागतं. त्यातून नायट्रोजनचे वायू सुटतात, दमट हवेत त्यांचं आम्ल होतं आणि ते आम्ल उरलेल्या लॅकरला आणखी वेगाने तोडतं. म्हणजे घरातला एक जण आजारी पडला की बाकीच्यांना लागण. फिकट सोनेरी रंग आधी मधाचा होतो, मग गुळाचा.

दुसरी गोष्ट, लॅकर लवचीक राहावं म्हणून त्यात जे मऊ करणारे पदार्थ घातलेले असतात, ते वर्षानुवर्षं उडून जातात. पापुद्रा कडक होतो. सॅक्स थंडीत आकसतो, उन्हात प्रसरण पावतो, पण कडक पापुद्र्याला त्याच्याबरोबर हलता येत नाही. मग कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात.

तिसरी गोष्ट या भेगांमधून आत शिरते : हवा, दमटपणा आणि घाम. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. साधारण सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त. त्याला ऑक्सिजन भेटला की ते तपकिरी होतं. घामातलं मीठ आणि आम्ल भेटलं की आणखी गडद. आंबट पदार्थ पितळेच्या भांड्यात राहिला की कळकतो, हे आपल्या घरात लहान मूलही जाणतं. घामाने तेच होतं, फक्त रोज थोडं थोडं.

चौथी गोष्ट म्हणजे काही लॅकरमध्ये मुद्दाम घातलेली सोनेरी झाक. हे रंगद्रव्य उजेडात विटतं. म्हणून कधी कधी बेलच्या बाहेरची बाजू फिकट आणि चाव्यांच्या सावलीतला भाग जास्त सोनेरी दिसतो. घड्याळ काढल्यावर मनगटावर दिसणाऱ्या पट्ट्यासारखा.

पुढच्या काळात इपॉक्सीसारखी टणक लॅकर आली. ती इतक्या लवकर रंग बदलत नाहीत, पण सुटायला लागली की पोपडेच सुटतात. त्यामुळे नुसता रंग बघून वय सांगता येत नाही. आधी कंपनी आणि सीरिअल नंबर बघायचा, मग रंगाकडे वळायचं.

डाग वाचायला शिका

खरी गंमत इथे आहे. सगळे डाग सारखे नसतात. काही नुसते दिसायला वाईट, काही खरोखर वाईट.

मित्राच्या फोटोंमध्ये सगळ्यात ठळक डाग होता तो मागच्या बाजूला, उजव्या अंगठ्याच्या हुकापाशी. लॅकर पूर्ण गेलेलं, आत चॉकलेटी पितळ. दुसरा वरच्या बाजूला, डावा तळवा ज्या चाव्यांवर टेकतो तिथे. तिसरा मागे, पँटला घासून. चौथा बेलच्या काठावर, केसमधून उचलताना जिथे हात जातो तिथे. हा नकाशा आहे. वाद्य कुणी, कसं धरलं, किती वर्षं धरलं, त्याचा. काळे पडलेत म्हणून हे भाग कुजलेत असं नाही. उलट, हा तपकिरी थर बऱ्यापैकी स्थिर असतो. लॅकर गेल्यावर पितळाने स्वतःच स्वतःला घातलेला सदरा म्हणा.

दुसरा प्रकार म्हणजे चाव्यांचे खांब जिथे डाक लावून बसवलेत, तिथे भोवती पसरलेले गडद किंवा हिरवट ठिपके. सॅक्सवाले याला ‘अॅसिड ब्लीड’ म्हणतात. फॅक्टरीत डाक लावताना वापरलेलं फ्लक्स नीट धुतलं गेलं नाही, तर ते लॅकरच्या खाली राहतं आणि हळूहळू बाहेर झिरपतं. वादकाचा यात काही दोष नाही. हा जन्मखुणेसारखा डाग.

तिसरा प्रकार मात्र गंभीर. गुलाबी-लालसर ठिपका, मधोमध काळा बिंदू. याचं नाव ‘रेड रॉट’. इथे पितळातलं जस्त निघून गेलंय आणि मागे राहिलंय सच्छिद्र, ठिसूळ तांबं. ट्रम्पेटच्या तोंडाकडच्या नळीत हे जास्त होतं, सॅक्समध्ये तोंडाजवळच्या वाकड्या गळ्यात बघायचं. ओली हवा आणि लाळ रोज तिथूनच जाते. हा रोग बऱ्याचदा आतून बाहेर येतो, त्यामुळे बाहेरून कितीही घासा, उपयोग शून्य.

म्हणजे बघा, आपलं डोळ्यांचं गणित इथे साफ चुकतं. सगळ्यात मोठा, काळाकुट्ट डाग निरुपद्रवी असू शकतो आणि राईएवढा गुलाबी ठिपका धोक्याचा.

चार दिवसांत नवा!

आता ‘नव्यासारखा करून देतो’ म्हणजे काय, ते ऐका. आधी सगळ्या चाव्या काढायच्या. मग रसायनात बुडवून जुनं लॅकर उतरवायचं. मग गरगर फिरणाऱ्या कापडी चाकावर पॉलिशचा साबण लावून सगळं अंग घासायचं, डाग जाईपर्यंत. मग नवं लॅकर फवारायचं.

यातली धोक्याची पायरी म्हणजे ते चाक. डाग जातो म्हणजे काय होतं? डागासकट पितळ जातं. नक्षीकामाच्या रेषा पुसट होतात. सीरिअल नंबर झिजतो. खांबांच्या धारदार कडा साबणाच्या वडीसारख्या गोल होतात. ज्या भोकांवर चाव्या बसतात त्यांच्या कडा जर हललेल्या वा झिजलेल्या असतील, तर चाव्यांखालच्या चामड्याच्या गाद्या नीट बसत नाहीत, हवा गळते. जुन्या कॉनमध्ये तर या भोकांच्या कडा खास बाहेर वळवलेल्या असतात. तिथे चाकाचा एक जास्तीचा फेरा म्हणजे कायमचं नुकसान. काळजीपूर्वक काम करणारे कारागीर आहेत, नाही असं नाही. पण गेलेलं पितळ परत आणणारा कारागीर अजून जन्माला यायचाय.

बाजाराला हे सगळं माहीत आहे. म्हणून ओरिजिनल लॅकरला भाव. म्हणजे तो भाव नुसत्या पिवळ्या पापुद्र्याचा नाही. ‘याच्या अंगाला चाक लागलेलं नाही’ या खात्रीचा आहे. पॅरिसच्या सेल्मर कंपनीने १९५४ साली आणलेला ‘मार्क सिक्स’ हे याचं सगळ्यात मोठं उदाहरण. जॉन कोल्ट्रेन, सॉनी रोलिन्स यांच्या हातात दिसलेला हाच तो सॅक्स. यातही एक मजा आहे. अमेरिकेत विकायचे बरेचसे मार्क सिक्स फ्रान्समध्ये बनायचे, पण जुळणी, नक्षी आणि लॅकर व्हायचं ते इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावात. त्यामुळे एकाच मॉडेलचे दोन भाऊ, एक पॅरिसचा कपडा घातलेला आणि एक एल्कहार्टचा. दोघांचे रंग वेगळे आणि म्हातारपणही वेगळं. जाणकार लांबूनच सांगतात, कुठला कुठून आला.

पण आवाजाचं काय?

इथे चहाच्या कपात वादळं होतात. ‘लॅकर काढलं की आवाज मोकळा होतो’, ‘रीलॅकर केलं की सॅक्स मरतो’, अशी वाक्यं वादक शपथेवर सांगतात.

मला यात विज्ञानाची बाजू जास्त पटते. सॅक्समध्ये आवाज करतो तो हवेचा खांब. पितळेची भिंत त्याला फक्त आकार देते. जॉन कोल्टमन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९७१ साली बासरीवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. आतून सारख्याच आकाराच्या तीन बासऱ्या : एक चांदीची, एक तांब्याची, एक लाकडाची. ऐकणाऱ्यांना फरक ओळखता आला नाही. कुठली वाजवतोय हे दिसू दिलं नाही, तर वाजवणाऱ्यांनाही नाही.

आणि प्रयोग नको असेल, तर किस्सा घ्या. १५ मे १९५३ रोजी टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये चार्ली पार्करने जी मैफल गाजवली, त्यात त्याच्या हातात होता लंडनला बनलेला ग्राफ्टन सॅक्स. त्याचं अंग चक्क प्लास्टिकचं! लॅकरचा प्रश्नच नाही. तोच सॅक्स १९९४ साली लंडनच्या लिलावात ९३,५०० पौंडांना गेला आणि आज तो अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या जॅझ म्युझियममध्ये आहे.

मग रीलॅकर केलेल्या सॅक्सबद्दल तक्रारी का येतात? कारण भोकांच्या कडा, चाव्यांची बैठक, गळणारी हवा. बिघडतो तो यांत्रिक भाग, बदनाम होतो रंग. चांगल्या कारागिराने नीट जुळवलेला रीलॅकर सॅक्सही झकास वाजतो. आणि ज्याला विकायचं नाही, नुसतं वाजवायचंय, त्याच्यासाठी तो उत्तम सौदा असतो. स्वस्तात मस्त.

डागांची फॅशन

आता जरा उलट्या बाजूनेही बोलू या. ‘ओरिजिनल लॅकर’ या शब्दांनी आपण जरा जास्तच भारावून जातो, असं मला वाटतं. जाहिरातीत टक्के सांगतात : ‘ओरिजिनल लॅकर ९५ टक्के शाबूत’. ऐकायला छान. पण विचार करा, ऐंशी वर्षांच्या वाद्यावर हाताची खूण नाही, याचा सरळ अर्थ काय? बहुतेक वेळा हाच, की त्याला कुणी हातच लावला नाही. कुणीतरी हौसेने घेतला, चार धडे शिकला, केसमध्ये ठेवला. रोज रात्री वाजणाऱ्या सॅक्सची चकाकी राहत नाही. संग्राहक ज्याला सर्वात जास्त पैसे मोजतात, तो सॅक्स सर्वात कमी जगलेला असतो.

आणि दुसरीकडे हेही बघा, की आज नवे कोरे सॅक्स मुद्दाम जुन्यासारखे रंगवून मिळतात. सेल्मरच्या ‘रेफरन्स ५४’ या मॉडेलच्या नावातच १९५४ ची आठवण आहे. तैवानचे सॅक्स गडद, मळकट, लॅकरशिवायच्या रंगात विकले जातात आणि तरुण पोरं ते हौसेने घेतात. यात हसण्यासारखं काही नाही. गुडघ्यावर फाटलेली जीन्स चार हजारांना घेणारे आपणच ना? फरक एवढाच, की जीन्स फाटायला आपल्याकडे वेळ नाही, म्हणून कंपनीकडून फाडून घेतो.

मळका सॅक्स घेऊन स्टेजवर?

मित्राला मी हे सगळं सांगितलं. त्याला पटलंही. पण अडलं ते त्याच्या आईपाशी. एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्यांनी मला फार नीट सुनावलं. ‘‘तुम्हां मुलांना हे डाग छान वाटतात, कारण तुम्हांला ते वाजवून पोट भरायचं नाहीये. माझे पपा असा मळका सॅक्स घेऊन स्टेजवर गेले असते, तर मॅनेजरने त्यांना परत पाठवलं असतं. शर्टाला इस्त्री, बुटाला पॉलिश आणि सॅक्सला चमक. रोज रात्री घरी आले की कितीही उशीर होवो, आधी सॅक्स पुसायचे, मग जेवायला बसायचे.’’

मी गप्प झाले. कारण त्यांचं म्हणणं खरंच होतं. डागांचं कौतुक ही विकत घेणाऱ्याची चैन आहे. वाजवून संसार चालवणाऱ्यासाठी चमक हा त्याच्या पेशाचा मान होता. आपल्याकडच्या लग्नाच्या बँडमधला सॅक्सवालाही नवरदेवाच्या पुढे उभं राहायचं म्हणून आदल्या दिवशी वाद्य पुसतो, ते याच मानासाठी. त्या चमकीला आपण ‘अडाणीपणा’ म्हणणं हाच खरा अडाणीपणा.

मग मी सॅक्स खिडकीपाशी उजेडात धरला आणि त्यांना बेलवरची नक्षी दाखवली. बाईच्या केसांची एकेक रेष धारदार होती. ‘‘हे बघा,’’ मी म्हणाले, ‘‘तुमच्या पपांनी रोज पुसला, पण कधी घासला नाही. नाहीतर ही रेष राहिली नसती. आणि हा अंगठ्यापाशी जो डाग आहे ना, तो मळ नाहीये. तिथे त्यांचा अंगठा होता.’’

त्यांनी त्या जागेवर स्वतःचा अंगठा ठेवून पाहिला. काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने आतून एक मऊ सुती कापड घेऊन आल्या आणि सॅक्स पुसायला लागल्या. हलक्या हाताने, वरून खाली. कसं पुसायचं, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. लहानपणी रोज रात्री पाहिलेलं होतं.

शेवटी ठरलं ते असं : लॅकरला हात लावायचा नाही. पैसे खर्च करायचे ते आतल्या कामावर. कुजलेल्या चामड्याच्या गाद्या बदलल्या, बूच बदललं, गंजलेल्या स्प्रिंगा बदलल्या, चाव्या काढून अंग कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुतलं. गळ्यात गुलाबी ठिपका आहे का, ते आतून दिवा लावून तपासलं. नव्हता. रिसेप्शनला मित्राच्या ओळखीच्या एका वादकाने तो वाजवला. ‘आराधना’ सिनेमातला, १९६९ साली मनोहारी सिंग यांनी वाजवलेला तो प्रसिद्ध सॅक्स आठवतो ना, तीच फर्माईश झाली. आणि हॉलमधल्या इतक्या दिव्यांखाली सॅक्सवरचे डाग कुणाला दिसलेसुद्धा नाहीत.

तुमच्या घरात असा एखादा असेल तर...

* पितळेची पावडर, चिंच, लिंबू, टूथपेस्ट, यांतलं काहीही लावू नका. ही सगळी आम्लं नाहीतर खरखरीत पदार्थ आहेत. लॅकर राहिलं असेल तर तेही जाईल.

* थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, सॅनिटायझर, डिओ लांब ठेवा. नायट्रोसेल्युलोज अशा द्रावणात विरघळतं किंवा मऊ पडतं. नखावरची गोष्ट सॅक्सवरही लागू.

* वाजवून झालं की आतून फडकं ओढा, बाहेरून कोरड्या मऊ कापडाने पुसा. घामाला रात्रभर बसू देऊ नका. या दोन मिनिटांएवढं काम जगातलं कुठलंही पॉलिश करत नाही.

* मुंबई-कोकणात पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि अधूनमधून बदला. केसला कुबट वास येत असेल, तर आधी केस बदला. बुरशी आणि ओल बंद डब्यात सगळ्यांत जास्त नुकसान करतात. आणि लॅकरच्या आधी स्टीलच्या स्प्रिंगा गंजतात.

* जुना सॅक्स घेताना आधी नक्षी आणि सीरिअल नंबर बघा. रंग झळाळतोय, पण रेषा पुसट आणि कडा गोल असतील, तर चाक फिरलंय. मग किंमत त्या हिशेबाने सांगा.

* गळ्यावर लालसर-गुलाबी ठिपके दिसले, तर घ्यायच्या आधी कारागिराला दाखवा.

* आधीच रीलॅकर झालेला किंवा लॅकर पूर्ण गेलेला सॅक्स असेल आणि तुम्हांला चमक हवीच असेल, तर चांगला कारागीर गाठून खुशाल करून घ्या. गमावण्यासारखं जे होतं, ते केव्हाच गेलंय. फक्त त्याला एक वाक्य बजावून सांगा : कमीत कमी घासा.

आपल्या भाषेत ‘पितळ उघडं पडलं’ म्हणजे नाचक्की. वरचा मुलामा गेला, आतली खोट दिसली. सॅक्सच्या बाबतीत ही म्हण जरा सैल धरायला हवी. इथे आत पितळच आहे, हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत असतं. ते उघडं पडतं, ते कुणीतरी खूप वर्षं, खूप रात्री हातात धरलं म्हणून. पुसा, जपा, ओल लागू देऊ नका. आणि मुख्य म्हणजे, कपाटावरून खाली काढून वाजवा.